गिरणगावात बाईनं कुठल्या खात्यात काम करायचं, हे कोण ठरवायचं? (१९१८ ते १९३९)

सांजभोंगा

आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आले. पणजोबा गिरणीत होते, पणजी घरी होती. दिवाळीत आत्याआजी (आजोबांची धाकटी बहीण, वय ९१, कान शाबूत) आली होती. कुणीतरी हेच वाक्य पुन्हा म्हटलं, तर ती चकलीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "घरी कसली? रिळात होती ती. मी पोटात असताना पण रिळात होती." सगळे गप्प. चौथ्या पिढीला कळतंय की पणजी कामगार होती!

तेव्हापासून दोन महिने मिळेल ते वाचतेय. जे हाती लागलं ते मांडते, जाणकारांनी चुका सुधाराव्यात.

काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. मुंबईत ऐंशीच्या वर कापडगिरण्या, वीसच्या दशकाच्या सुरुवातीला कामगार दीड लाखाच्या आसपास. त्यात बायका साधारण पाचांत एक. आकडा लहान नाही, पण या बायका गिरणीभर पसरलेल्या नव्हत्या. रीळ खातं, वाइंडिंग (सूत गुंडाळायचं) खातं आणि कचरा-कापूस वेचायचं काम, एवढ्यातच त्यांची गर्दी. कार्डिंग (कापूस पिंजणं), रिंग (सूत कातणं), सायझिंग (सुताला खळ लावणं), साचे खातं (साचे म्हणजे माग, विणकाम), फोल्डिंग, इंजिन-बॉयलर, जॉबर (मुकादम), फिटर हे सगळं जवळपास पुरुषांचं. एकाच आवारात दोन जगं म्हणा ना.

रीळ म्हणजे काय ते मला आधी कळेना. आत्याआजीनं हातवारे करून सांगितलं, मग पुस्तकातून ताडून पाहिलं. रिंगवरून सूत भरलेल्या बाबिनी यायच्या. त्या ओळीनं लावायच्या आणि त्यांचं सूत दीड वार घेराच्या फिरकीवर गुंडाळायचं. ८० फेरे झाले की १२० वार. असे सात भाग झाले की ८४० वारांची एक लडी. वीस नंबरचं सूत म्हणजे पौंडाला अशा वीस लड्या. एका फिरकीवर एका वेळी चाळीस लड्या तयार व्हायच्या. मधेच एक तार तुटली की फिरकी थांबवायची, गाठ मारायची, पुन्हा चालू. दिवसभर उभ्यानं. लड्या उतरवून, बांधून, वजन करून द्यायच्या. हे सूत गिरणीत विणलं जायचं नाही, ते गठ्ठे बांधून हातमागवाल्यांना आणि परदेशी जायचं.

पैसे कामावर, म्हणजे जेवढा माल तेवढा दाम. बाबिनी आल्याच नाहीत तर खात्यात बसून राहायचं, त्या बसण्याचे पैसे नाहीत. तेलाचा डाग पडला, सूत गुंतलं, की दंड. महिनाभर राबून रीळवालीच्या हातात पडायचं ते साचेवाल्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि पगार त्या महिन्याचा त्या महिन्यात नाही, पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. तोवर उधारी.

पुरुषांना कामावर घ्यायचा जॉबर, बायकांना घ्यायची नायकीण. दोघांनाही दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, लागायची. नायकिणीबद्दल तर इतकं वाईट लिहिलेलं सापडतं की मला जरा शंका येते. तेच जॉबर करायचा, पण त्याला 'व्यवस्था' म्हणायचे.

आता प्रश्न. ही वाटणी केली कुणी? मालकानं, यंत्रानं, की घरच्यांनी? आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बायकांचं प्रमाण दहा-बारा टक्क्यांवर आलेलं दिसतं. त्या गेल्या कुठे?

---

गजालीवाला

बरा लिवलंस, बाय.

एक बाजू राहिली ती सांगतो. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या. त्याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच) जन्मलेली दोन लाखांहून जास्त माणसं मुंबईत होती. म्हणजे बापये मुंबईत आणि बायलमाणसं गावाक. आमच्या आजोळी १९३० च्या आसपास वाडीत दसऱ्यापासून मिरगापर्यंत कर्ता पुरुष दिसायचाच नाही म्हणत. मिरगाला यायचे काही, लावणी करून परत.

गिरणीनं माणसाला जो पगार दिला तो एकट्याच्या पोटाचा दिला. बाकीचं पोट कोकणातल्या बाईनं भातशेतीत, वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवून भरलं. मनिऑर्डर यायची, ती सावकाराचं आणि सरकारचं देणं फेडायला. त्या बाईचं नाव कुठल्या मस्टरवर नाही, पण ती नसती तर त्या पगारात गिरणीला माणूस मिळाला नसता. 'बाई कामगार किती' मोजताना रिळातली मोजतो, नाचणी काढणारी सोडून देतो.

घाटावरची गोष्ट थोडी वेगळी. सातारा, पुणे, नगरकडच्या दुष्काळी पट्ट्यातून नवरा-बायको दोघं यायची, कारण मागं धरून ठेवायला शेत नव्हतं. गिरणीत दिसणाऱ्या बायकांत अशा, शिवाय विधवा आणि टाकलेल्या बायका बऱ्याच.

---

तिरकसराव

धागा चांगला, पण प्रश्नच चुकलाय असं माझं नम्र मत. साचा जड, आवाज कानठळ्या बसवणारा, गरमी, बाष्प. रीळ हलकं, बोटांचं काम. बायकांची बोटं नाजूक, म्हणून रीळ. यात 'ठरवायचं' काय? निसर्गानं ठरवलं. प्रत्येक गोष्टीत शोषण शोधलंच पाहिजे का?

---

धोटा

तिरकसराव, मी सहासष्ट साली साचे खात्यात लागलो, पुढे परीक्षा देऊन मास्तर झालो, ब्याऐंशीच्या संपानंतर घरी बसलो. तेव्हा दोन शब्द बोलू द्या.

आमच्या गिरण्यांतली यंत्रं बहुतेक इंग्लंडची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची कताईयंत्रं, लँकेशायरमधलेच साचे. ते साचे जिथे बनायचे, त्या लँकेशायरमध्ये विणकाम कोण करत होतं? बहुतांशी बायका. ब्लॅकबर्न, बर्नलीच्या शेडमध्ये एकेक बाई चार-चार साचे सांभाळायची, आणि तिला पुरुषाच्याच दरपत्रकानं मोबदला मिळायचा. रिंग फ्रेमवरही तिकडे बाया. जपानात रिंगवर पोरीच पोरी. तेच यंत्र बोटीत घालून बॉम्बे बंदरात उतरवलं की पुरुषाचं होतं. वाटेत एडनला बदललं की काय?

आमच्याकडे साचेवाला दोन साचे चालवायचा. अठ्ठावीस साली तीन साचे आणि रिंगवर एका बाजूऐवजी दोन बाजू देण्याची टूम निघाली, त्यावरून सहा महिने संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातच उभी राहिली. साचेवाला संपाचा कणा होता कारण गिरणीत त्याचा मान मोठा. तो मान दुसऱ्या कुणाला वाटून घ्यायचा नव्हता. बाईला नाही आणि आणखी कुणाला नाही ते सांगतो.

माझं टोपणनाव बघा. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो. धोट्यातली सुताची कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते कसं? तोंड लावून ओढून घ्यायचं. मी हे हजारो वेळा केलंय, सुताची किंचित तुरट चव अजून जिभेवर आहे. आता तोच धोटा दुसऱ्या पाळीला दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी दलित कामगारांना साचे खात्यात पाऊल टाकू दिलं नाही. ते रिंगमध्ये चालायचे, इथे नाही. आणि साचे खात्यात पगार जास्त. डॉ. आंबेडकरांनी अठ्ठावीसच्या संपात युनियनपुढे हाच मुद्दा ठेवला की आमच्या लोकांना साचे खातं खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत घाला. घातली, पण नाइलाजानं. मालकांनी बोट कामगारांकडेच दाखवलं. आणि या एका बाबतीत ते खोटं बोलत नव्हते.

नाजूक बोटांचं म्हणाल, तर तुटलेली तार जोडायला रिंगवरच्या माणसालाही तीच बोटं लागतात. माझी बोटं बघायला या कधी.

---

साळुंकी

+१ धोटाकाका. तो धोट्याचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

---

सांजभोंगा

धोटाकाका, मनापासून आभार. पणजी रिळात का, याचं उत्तर मी यंत्रात शोधत होते, तुम्ही बोटीत दाखवलंत. गजालीवाले, नाचणीचा मुद्दा डोक्यातच नव्हता.

---

कलमबहाद्दर

कायद्यांची बाजू घालतो, कारण त्याशिवाय 'त्या गेल्या कुठे' हे सुटत नाही.

बायकांना संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे साडेपाचच्या आधी कारखान्यात कामाला लावायला १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं मनाई होती, १९२२ च्या कायद्यानं ती कायम ठेवली. १९२२ लाच आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय बारा झालं. मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस मात्र कायद्याच्या आधी, १९२० च्या संपानं मिळवलेला. १९३४ च्या कायद्यानं दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तास.

गिरण्या एकाच पाळीत चालत होत्या तोवर या मनाईनं फार फरक पडला नाही. तिसाच्या दशकात मंदी, जपानी कापड आणि पगारकपात यांच्या धबडग्यात मालकांनी रात्रपाळ्या वाढवल्या. यंत्र तेच, खर्च तोच, माल दुप्पट. जे खातं दोन पाळ्यांत चालवायचं त्यात एका पाळीला बाई आणि एकाला पुरुष असा घोळ कोण घालणार? पुरुष दोन्हीकडे चालतो.

गंमत बघा, हेच मालक १९२६-२७ च्या टॅरिफ बोर्डापुढे (आयात जकातीची चौकशी करणारं सरकारी मंडळ) जपानविरुद्ध तक्रार करत होते की तिकडे बायका-पोरी रात्रपाळीत राबवतात, ही स्पर्धा न्यायाची नाही. बोर्डानंही ते मानलं. जपानमध्ये स्त्रियांची रात्रपाळी बंद झाली १९२९ च्या जुलैत.

दुसरा कायदा बाळंतपणाच्या भत्त्याचा. कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेलं विधेयक फेटाळलं गेलं. मग मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात (प्रांतिक कायदेमंडळात) आसवले या सभासदांनी आणलं. त्यावर २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब कौन्सिलात बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी-नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानं भार उचलावा, असा त्यांचा रोख. १९२९ ला कायदा झाला. मुंबईत दिवसाला आठ आणे. देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा, आणि पैसे मालकाच्या खिशातून.

---

तिरकसराव

ठीक आहे, बोटांचा मुद्दा मागे घेतो. (काका, बोटं बघायला येईन, चहा पाजा.) पण मग कलमबहाद्दरांच्या म्हणण्यातून उलटंच निघतं. कायद्यांनीच बायकांना बाहेर काढलं. रात्रपाळी बंद केली नसती, भत्ता लादला नसता, तर राहिल्या असत्या.

---

कलमबहाद्दर

अर्धं खरं. भत्ता द्यायला नको म्हणून लग्न झालेल्या बायका घ्यायच्या नाहीत, पोट दिसू लागलं की काही ना काही कारणानं नाव कमी करायचं, हे प्रकार झाले. पण बायका मोठ्या खात्यांतही पसरलेल्या असत्या तर कायद्याचा धक्का पचला असता. त्या आधीच दोन-तीन खात्यांत कोंबलेल्या, आणि तीच खाती आटत होती. बादलीला तळाशी भोक, वरून कायद्यानं पाणी काढलं की नाही हा वाद दुय्यम.

---

पाटीपेन्सिल

बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून. माझी आजी परळला सुईण होती, तिच्याकडून ऐकलेलं. गिरणीला जाणारी बाई तान्ह्या पोराला काय करणार? खोलीत म्हातारी असेल तर तिच्याकडे, नसेल तर शेजारणीकडे, नाहीतर टोपलीत घालून खात्यात, मशीनच्या आडोशाला. आणि सकाळी भोंग्याच्या आधी अफूची बारीक गोळी. मूल दुपारपर्यंत हलत नाही. वीसच्या दशकात सरकारनं एका डॉक्टर बाईंकडून गिरणीतल्या बायकांची पाहणी करवली होती, त्यात जवळजवळ सगळ्याच मुलांना अफू दिली जाते असं निघालं. आजी म्हणायची, अशा बाईला कुणी 'वाईट आई' म्हटलं की मी त्याला दहा तास पोर धरायला सांगते.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भकं दगावल्याचा आकडा आहे. तो थोडा फुगलेला, कारण बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म तिकडे आणि मरण इकडे नोंदलं जायचं. तरीही एका खोलीत राहणाऱ्यांतलं प्रमाण यापेक्षाही जास्त होतं. पाळणाघरं काही थोड्या गिरण्यांत होती. ती सक्तीची करायचा अधिकार प्रांत सरकारांना मिळाला तो १९३४ च्या कायद्यानं.

सांजभोंगा, तुमच्या आत्याआजींना हे विचारू नका. किंवा विचारा, पण एकट्या असताना.

---

चादरवाला_सोलापूर

मुंबईकर नेहमीप्रमाणं मुंबईतच अडकलेत! आमच्याकडे जुनी गिरणी १८७७ ची, पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. इथं चित्र वेगळं होतं. आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून घरंच्या घरं उठून यायची, नवरा-बायको-पोरं, एकाच गिरणीत. पगार मुंबईपेक्षा कमी. शिवाय पद्मशाली विणकरांच्या घरात माग पुरुषाचा आणि कांड्या भरणं, सूत उकलणं बाईपोरांचं, त्याचा वेगळा पैसा कधीच नाही. घरातच रीळ खातं समजा.

आणि एक गोष्ट, जी आम्ही पण फार बोलत नाही. शहराबाहेर तारेच्या कुंपणात 'सेटलमेंट' होती. गुन्हेगार जमात म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना तिथं कोंडायचे, हजेरी घ्यायचे, आणि तिथून बायाबापड्या गिरणीत कामाला. सोडून जायची मुभा नाही. गिरणीला याहून हुकमी कामगार कुठला? तो कायदा गेला १९५२ ला. वस्तीचं नाव आजही सेटलमेंटच आहे, रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेऊन सोडतो.

---

धोटा

सोलापूरकरांनी चांगलं घातलं. कलमबहाद्दरांची बादली पुढे नेतो. रीळ खातं आटलं का? कारण रीळ होतंच मुळी सूत विकण्यासाठी. एके काळी मुंबईच्या गिरण्या चीनला सूत पाठवून गबर झाल्या. विसावं शतक लागलं तसं जपाननं आणि मग चीनमधल्याच गिरण्यांनी ती बाजारपेठ खाल्ली. मुंबईवाले मग सूत विकण्याऐवजी स्वतःच कापड विणू लागले. विणायचं तर लडी कशाला? म्हणजे साचे वाढले, रिळं कमी झाली. पुरुषाचं खातं फुगलं आणि बाईचं बसलं. वाइंडिंगमध्ये मग वेगवान यंत्रं आली, दहा बायांचं काम चौघींत. एकालाही 'बायकांना काढा' असं म्हणावं लागलं नाही.

१९३५ ला मालक संघानं बदली कामगारांना (कायम नसलेल्या, रिकाम्या जागी घ्यायच्या) कार्ड द्यायची पद्धत आणली, जॉबरच्या मर्जीवर रोज सकाळी दाराशी उभं राहण्याला थोडा लगाम. पण बाईची जागाच गेली आणि खातं तिला बंद झालं की कार्ड काय करणार.

---

साळुंकी

बायका गप्प बसल्या नव्हत्या हेही लिहा कुणीतरी. १९२८-२९ च्या संपांत रीळ-वाइंडिंगच्या बायका झाडू घेऊन गेटवर उभ्या राहिल्या आहेत. कामगार चळवळीतल्या उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांची नावं त्या काळापासून पुढे येतात. पण वाटाघाटीच्या टेबलावर बाई दिसत नाही. दोन साचे की तीन, यावर समिती बसली. बाबिनीची वाट बघत बसलेल्या वेळेचे पैसे, यावर नाही.

---

गजालीवाला

आणि खानावळी! चाळीतल्या एकेका खोलीत गावचे दहा-पंधरा बापये पाळीपाळीनं झोपणारे. बीडीडीच्या दोनशे सात चाळी वीसच्या दशकात बांधल्या, एक खोली १६० चौरस फूट. ते सगळे जेवायचे कुठे? कुणा बाईच्या चुलीवर. तीही गिरणीचीच नोकर, फक्त बिनमस्टरची.

---

सांजभोंगा

गजालीवाले, तुमचा प्रतिसाद वाचला आणि आज दुपारी आत्याआजीकडे गेले. एकटीच होती.

अफूचं विचारलं नाही. तिनंच सांगितलं. "मी फार शांत बाळ होते म्हणे," आणि हसली. मला हसता आलं नाही.

पणजीला कामावरून कधी काढलं, असं विचारलं. म्हणाली, काढलं कुणी नाही. आधी आठवड्यातून दोन दिवस बाबिनी यायच्या नाहीत, मग तीन. आई जायची, बसायची, रिकामी परत यायची. नायकीण म्हणायची उद्या ये. शेवटी एका पावसाळ्यात तिनं जाणं सोडलं आणि खोलीत आठ जणांची खानावळ घातली. सगळे साचे खात्यातले, एकाच गावचे. पहाटे तीनला चूल पेटायची. पैसे बारा तारखेनंतर मिळायचे, कारण त्यांचा पगारच तेव्हा व्हायचा, तोवर वाण्याकडे वही.

मी विचारलं, मग घरी होती असं का म्हणतात सगळे?

ती म्हणाली, "खानावळ घरातच होती ना."

त्या वहीचं एक पान तिच्याकडे अजून आहे. तांदूळ, सुके बोंबील, घासलेट. उजवीकडे आठ नावं, आडनावाशिवाय. फोटो नीट आला नाही, रविवारी उजेडात पुन्हा काढून टाकते.